तोंडात मावेल तो घास

शंकेखोर : मासे पाळायचेच असतील तर गप्पी पाळ ना. आरोग्य खात्याची माणसं हौदात आणून सोडतात, डासांच्या अळ्या खातात, रांजणातही जगतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिकारी मासा घरात आणायचं हे काय खूळ? मरळीचं पिल्लू आज करंगळीएवढं आहे म्हणून तुला गोजिरं दिसतंय. वर्षभरात ते हातभर होईल आणि सोबतीला सोडशील त्याला गिळेल. ज्याला शेजारी म्हणजे जेवण एवढंच कळतं, त्याच्यासाठी तू शेजारी निवडत बसला आहेस. त्यात हे आपलं वडीगोद्री गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, लाइटचा भरवसा नाही, पाऊस रुसला की टँकरची वाट. इथे काचेची टाकी मांडायची म्हणजे आधी पाण्याची आणि मग विजेची कटकट विकत घ्यायची.

हौशी : काका, तुम्ही सांगितलेली कारणं माझ्याच बाजूची आहेत. लाइट गेली की शोभेच्या टाकीत काय होतं? हवेचा पंप थांबतो, पाण्यातला प्राणवायू सरतो, गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि सकाळी उलटा तरंगतो. मरळीला त्या पंपाची फिकीर नाही. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा धरून ठेवणारी पोकळी असते. ती वर येऊन सरळ हवेतला श्वास घेते. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असून गुदमरून मरते. तळं आटलं तर चिखलात तग धरते, ओल्या गवतातून सरपटत शेजारच्या डबक्यात जाते. बाजारात बाकीची मासळी बर्फावर आणि मरळ टबात जिवंत, ती याच गुणामुळे. आपल्या उन्हाळ्याला पुरून उरणारा मासा इथलाच असताना मी ॲमेझॉनचा मासा कशाला आणू? आणि खूळ म्हणाल, तर ते एकट्या माझं नाही. मृग लागला की आपल्याकडचे दम्याचे रोगी हैदराबादची गाडी पकडतात आणि तिथे औषध भरवलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळून येतात. औषधाचं खरंखोटं डॉक्टर बघतील. पण पिल्लू गिळायला एवढा प्रवास चालतो आणि पाळायचं म्हटलं की खूळ, हे कसं?

शंकेखोर : श्वास हवेतून घेते हे खरं, पण घाण पाण्यातच करते ना? मांस खाणाऱ्या माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया भरपूर सुटतो. टाकीतल्या दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर जिवाणूंची वस्ती जमली, की ते त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात. आपल्याकडचे लोक टाकी आणतात त्याच संध्याकाळी मासे सोडतात आणि आठव्या दिवशी दुकानदाराला शिव्या देतात. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनिया जास्त जहरी. म्हणजे ज्या उन्हाळ्याचं तू कौतुक करतोस, त्याच उन्हाळ्यात तुझ्या मरळीचे कल्ले आणि कातडी भाजणार.

आणखी एक. हवेचा श्वास मोठ्या मरळीचा. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा ती पोकळी तयार नसते. पहिले दोन-तीन आठवडे तेही बाकीच्या माशांसारखं पाण्यातल्या प्राणवायूवरच जगतं. तुला वाढवायची आहेत पिल्लं, आणि गुण सांगतो आहेस आईचे.

हौशी : हे मानलं. म्हणूनच मी जिऱ्याएवढी पिल्लं आणणार नाही, बोटुकली आणणार. त्या वयात ती वर येऊन हवा घ्यायला लागलेली असतात. पाण्याचा हिशेबही करून ठेवला आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे 9 घनफूट, साधारण 250 लिटर. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं म्हणजे 60 लिटर. तेवढं पाणी आपल्याकडे एका आंघोळीत आणि अंगण धुण्यात जातं.

शंकेखोर : ज्या वर्षी पाऊस असतो त्या वर्षी जातं. टँकर लागतो तेव्हा सरकारी माप माणशी दिवसाला 20 लिटर. म्हणजे तुझा मासा आठवड्याला एका माणसाचं तीन दिवसांचं पाणी पिणार. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्या उन्हाळ्यात कुणाच्या ओट्यावर अडीचशे लिटर पाण्यात एक मासा फिरताना दिसला असता, तर लोकांनी त्याला काय म्हटलं असतं?

हौशी : दुष्काळात मी टाकी चालवणार नाही, हे लिहून देतो. पण टाकीचं पाणी गटारात जातं असं तुम्ही धरून चाललात. बदललेल्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडाचं खत. तेच पाणी मोसंबीच्या आळ्यात ओतायचं. झाडाला ते बोअरच्या पाण्याहून बरं. शेततळ्यात मासे सोडणारे आपले शेतकरी हेच करतात, वर मासे आणि खाली ठिबक. पाण्याचा मुद्दा मला जिव्हारी लागतो, पण त्याला उत्तर आहे. तुमच्या पहिल्या बोलण्यात एक मुद्दा याहून कठीण होता, शेजाऱ्यांचा. तिथे मी खरंच चाचपडतो आहे.

शंकेखोर : मग तिथेच येऊ. तुझं काय गणित आहे सांग.

हौशी : दुकानात एकच सूत्र सांगतात, सारख्या आकाराचे ठेवा. ते अपुरं आहे. शिकारी मासा शेजाऱ्याची लांबी मोजत नाही, तो आपल्या तोंडात मावतो का एवढंच बघतो. म्हणून आधी तोंड बघायचं. मरळीचा जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेला असतो. तिच्या निम्म्या लांबीचा सडपातळ मासा ती सहज आत घेते. पण सिल्व्हर डॉलर किंवा टिनफॉइल बार्बसारखा ताटलीसारखा उभट मासा लांबीने कमी असूनही घशात बसत नाही. म्हणजे शेजारी निवडताना लांबीपेक्षा पाठीपासून पोटापर्यंतची उंची महत्त्वाची. दुसरं, थर. मरळ वनस्पतींच्या आडोशाने वरच्या आणि मधल्या थरात दबा धरते. तळाशी वाळूत अंग लपवणारी वाम तिच्या नजरेखालून निसटते, निदान वाम पुरेशी जाड असेल तर. तिसरं, वेळ. चालट रात्रीची हिंडते, दिवसा पाइपात नाहीतर दगडाआड पडून राहते; दोघींच्या जेवणाच्या वेळाच वेगळ्या. चौथं, काटे. लोकांना वाटतं शिंगटीसारखा मिशांचा काटेरी मासा सुरक्षित, त्याला कोण खाणार? शिकारी पिल्लू त्यालाही धरतं. मग शिंगटी पाठीचा आणि बाजूचे काटे ताठ उभे करते, ते घशात अडकतात आणि दोन्ही मासे मरतात. काटा घास होण्यापासून वाचवतो, पण मरण्यापासून वाचवेलच असं नाही.

आणि पाचवं, जागेचा हक्क. ज्याने टाकीत आधी घर केलं तो मालक. म्हणून भांडखोर मासा सगळ्यात शेवटी सोडायचा, आणि नवा आणला की दगड-लाकडं हलवून मांडणी बदलायची, म्हणजे जुन्याच्या हद्दीच्या खुणा पुसतात. ऑस्करसारख्या माशांत हे हमखास उपयोगी पडतं. मला वाटतं, एवढं पाळलं तर शेजार जमतो.

शंकेखोर : तुझे पाचही नियम बरोबर आहेत. पण ते आजच्या तारखेला बरोबर आहेत, आणि तू पिल्लं वाढवतो आहेस. पिल्लू वाढवायचं म्हणजे ज्याचा जबडा दर महिन्याला मोठा होतो असा प्राणी वाढवायचा. तुझा सिल्व्हर डॉलर हळू वाढतो, मरळ वेगाने वाढते. चांगलं खायला मिळालं तर वर्षभरात अर्ध्या किलोच्या पुढे जाते. आज जो घशात मावत नाही तो सहा महिन्यांनी मावेल. म्हणजे तुझ्या प्रत्येक शेजाऱ्याला मुदत आहे, आणि ती मुदत शेजारी ठरवत नाही, मरळीचं जेवण ठरवतं. तू जितकं प्रेमाने खायला घालशील, तितकी मुदत जवळ येईल.

वेगळ्या जातीचं जाऊ दे, भावंडांचं बघ. मरळीची शेती करणाऱ्यांना विचार त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कशात होतं. रोगात होतं, पण त्याआधी एकमेकांना खाण्यात होतं. एकाच अंडपुंजातली पिल्लं, एकाच टाकीत, एकच खाद्य, तरी दोन-चार झपाट्याने पुढे निघतात. एकदा फरक पडला की पुढचं पिल्लू मागच्याला गिळतं. आपल्या निम्म्या लांबीपेक्षा मोठं भावंडसुद्धा. गिळलं की आणखी मोठं होतं, मग दुसरं गिळतं. म्हणून ते लोक ठराविक दिवसांनी प्रतवारी करतात, लहान एका टाकीत, मोठी दुसऱ्या टाकीत. तुझ्या दिवाणखान्यात किती टाक्या आहेत? एकच ना? मग तू प्रतवारी करणार नाहीस, मरळ करेल.

हौशी : पण लहानपणापासून एकत्र वाढलेले मासे एकमेकांना खात नाहीत, असंही पाहण्यात येतं.

शंकेखोर : पाहण्यात येतं, कारण ते पाहिलं जातं तेव्हा दोघं सारख्या मापाचे असतात आणि पोटं भरलेली असतात. ओळखीने घास सोडल्याचा पुरावा मला अजून कुणी दाखवलेला नाही. ज्या घरांत हे जमलं त्यांची गोष्ट गावभर होते. ज्यांच्याकडे सकाळी टाकीत एक मासा कमी निघाला ते गप्प बसतात.

हौशी : हे खरं असेल. तरी मी भूक या मुद्द्यावर अडतो. तुम्ही म्हणता तो संघर्ष बराचसा उपाशीपणातून आणि दाटीतून येतो. पिल्लांना दिवसातून तीनदा थोडं थोडं दिलं, टाकीत लपायला पाणवनस्पती आणि मातीचे पाइप ठेवले, उजेड मंद ठेवला, तर खाणं थांबत नसेल पण कमी नक्की होतं. इथेच पाळणाऱ्याचं कसब. लोक शिकारी मासा पाळतात आणि त्याला जिवंत मासा टाकून गंमत बघतात. दहा-दहा रुपयांचे गोल्डफिश आणतात, मोबाइल काढतात, पोरं टाळ्या पिटतात. मला त्याची किळस येते, आणि ते माशालाही घातक आहे. गोल्डफिशच्या मांसात ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं. तेच सतत खाऊ घातलं तर शिकारी माशाला त्या जीवनसत्त्वाची कमतरता होते, तो तोल सोडून गोल फिरायला लागतो. शिवाय दुकानातल्या गर्दीच्या टबातून आलेला स्वस्त मासा म्हणजे जंतूंचं आणि परजीवींचं पार्सल. मी पिल्लाला आधी आर्टेमिया आणि डॅफ्निया, मग धुतलेले ट्यूबिफेक्स किडे, मग चिरलेला झिंगा, आणि त्यातच हळूहळू दाणेदार खाद्य मिसळत जाणार. मरळीचं पिल्लू दाण्यावर वळवता येतं. मरळीची शेती त्यावरच उभी आहे. दाणा खाणारी मरळ शेजाऱ्याकडे त्याच नजरेने बघत नाही.

शंकेखोर : नजर तीच असते, पोट भरलेलं असतं. पण जिवंत मासा टाकण्याबद्दल तू बोललास ते ऐकून बरं वाटलं. त्यावर आपला वाद नाही.

(दोघांच्या बोलण्यात झाकणाचा विषय आलाच नाही, म्हणून मध्ये सांगून ठेवतो. मरळ उडी मारते, आणि तिला जमिनीवर सरकता येतं. पहिल्या पावसाच्या रात्री तर हमखास. टाकीला वजन ठेवलेलं जाळीचं झाकण हवं आणि झाकण व पाणी यांत चार बोटं हवेची जागा हवी. काचेने गच्च बंद केलं तर तिला श्वास मिळणार नाही. नियमांची यादी मोठी झाली की असं साधं काहीतरी राहून जातं.)

हौशी : काका, एक गोष्ट आपण दोघंही धरून चाललो की शेजारी हवाच. मी जर एकटीच मरळ ठेवली तर? एक टाकी, एक मासा. फ्लॉवरहॉर्न पाळणारे हेच करतात. मलेशियात संकरातून तयार केलेला तो मासा, डोक्यावर गाठ असलेला. वास्तूला चांगला म्हणून व्यापाऱ्यांच्या काउंटरवर असतो. तो दुसऱ्या कुणाला जगू देत नाही, म्हणून एकटा असतो, आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. मग शेजाऱ्यांचा प्रश्नच मिटला.

शंकेखोर : तिथे मी तुझ्या बाजूला येतो. शिकारी माशाला सगळ्यात चांगला शेजारी म्हणजे कुणी नाही. पण मग तुला हवं काय होतं ते बघ. तुझ्या पोराला टाकीत हालचाल बघायची होती, चार रंग, पाठलाग, लपाछपी. एकटी मरळ दिवसभर पाइपाशेजारी काडीसारखी पडून राहते आणि दर थोड्या वेळाने वर येऊन हवा घेते. पोरगं आठवड्यात कंटाळेल. मग तू म्हणशील, सोबतीला काहीतरी आणू. दुकानात जाशील. तिथे मरळ नसतेच. तिथे दोन इंचांचा ऑस्कर असतो, चेन्नईच्या कोळत्तूरला नाहीतर कोलकात्याकडे पैदा झालेला. तो वर्षभरात फूटभर होतो, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. त्याच्या शेजारी ‘शार्क’ म्हणून रुपेरी-काळी पिल्लं असतात. ती शार्क नाहीत, ती पंगस आहेत. जी मासळी बाजारात किलोवर विकली जाते तीच. मोठी झाली की माणसाच्या कमरेपर्यंत येते. तीन फुटी टाकीसाठी ती विकली जाते, गोल्डफिशसोबत, एकाच पिशवीत. शेजाऱ्यांची निवड खरी तिथे चुकते, घरी येण्याच्या आधी.

हौशी : यात मी दुकानदाराला पूर्ण दोष देणार नाही. गिऱ्हाईक विचारतच नाही. मिठाई घेताना आपण विचारतो आजची आहे का. मासा घेताना तो केवढा होईल हे कुणी विचारत नाही. मी विचारीन.

शंकेखोर : विचारशील, आणि तरीही घेशील. कारण तो आज दोन इंचांचाच आहे. मला खरी भीती पुढची आहे. मासा मोठा झाला, टाकीत वळायला जागा उरली नाही, शेजारी संपले, बायको म्हणाली वास येतो. मग? मारायला हात धजत नाही. मग पुण्याचं काम म्हणून बादलीत घालायचा आणि नेऊन सोडायचा. कुठे? पैठणचा डावा कालवा आपल्या भागातून जातो. 208 किलोमीटर लांब, नाथसागरापासून परभणीपर्यंत. त्यात सोडलेला मासा वितरिकांत जातो, ओढ्यांत जातो, शेततळ्यांत चढतो, शहागडच्या पुलाखाली गोदावरीत पोचतो. उजनीत काचेवर चिकटणारा सकर मासा जाळ्यात सापडतो तो काय दक्षिण अमेरिकेतून पोहत आला? कुणाच्या तरी टाकीत तो शेवाळ खायला ठेवला होता. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या मोठ्या तलावात मगरीच्या तोंडाचा अमेरिकी गार सापडला. तो तिथे कुणाच्या तरी बादलीतूनच गेला असणार.

हौशी : म्हणूनच तर मी मरळ म्हणतो! ऑस्कर आपला नाही, गार आपला नाही, मरळ आपली आहे. ती गोदावरीत होतीच. ती सोडली तर कुठलं आकाश कोसळणार?

शंकेखोर : इथे तुझा मुद्दा सगळ्यात मजबूत वाटतो आणि इथेच तो ढिला आहे. 1988 मध्ये माशांना जखमा पाडणारा एक बुरशीचा रोग ईशान्येकडून भारतात शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. त्याचा मार सगळ्यात जास्त कुणाला बसला? मरळीला. अंगावर लाल चट्टे, मग खोल व्रण. पाण्यातून पाण्यात जातो तो. तुझ्या टाकीतली मरळ बाजारातल्या टबातून आली, त्या टबात दहा गावचं पाणी होतं. तुला रोग दिसणार नाही, पण ती कालव्यात गेली की पोचवेल. आणि ती कुठली मरळ, हेही तुला नक्की ठाऊक नसतं. हौशी बाजारात आसाम-अरुणाचलच्या रंगीत मरळी फिरतात. त्या भारतीय आहेत, पण गोदावरीच्या नाहीत.

परदेशातलं उदाहरण देतो, कारण ते आपल्याच माशाच्या चुलत बहिणीचं आहे. 2002 साली अमेरिकेत मेरिलंडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात चिनी मरळ सापडली. एका माणसाने न्यूयॉर्कच्या बाजारातून सूप करायला दोन जिवंत आणल्या होत्या. सूप राहिलं, मासे मोठे झाले, त्याने तळ्यात सोडले. त्यांनी पिल्लं घातली. शेवटी सरकारने तळ्यात विष टाकलं तेव्हा हजारावर पिल्लं निघाली, आणि त्याच वर्षी त्या देशाने अख्ख्या मरळ कुळाच्या आयातीवर बंदी घातली. सोडणारा माणूस वाईट नव्हता. त्याला मासा मारवला नाही, एवढंच.

हौशी : सोडणाऱ्याला तुम्ही धारेवर धरता, मग सरकारला का नाही? गप्पी आपला आहे का? तोही दक्षिण अमेरिकेचा, आणि आरोग्य खातं तो गावोगाव हौदांत टाकतं. सायप्रिनस आपला नाही, तो तर तलावांत बीज म्हणून सोडतात. उजनीतली चिलापी आफ्रिकेची. केंद्राने बंदी घातलेला आफ्रिकी मांगूर चोरून तळ्यांत वाढवतात आणि तो बाजारात विकला जातो. एवढं सगळं चालत असताना माझ्या एका टाकीवर नदीचं ओझं का?

शंकेखोर : कारण तुझ्या टाकीचा निर्णय तुझ्या हातात आहे. चिलापी कुणी कधी सोडली याची चौकशी आता करून ती परत जाळ्यात येणार नाही. आणि मी सरकारला सोडत नाही. गप्पी कुठे टाकावा याचाही कुणी विचार केला पाहिजे, बंद हौदात टाकणं वेगळं आणि ओढ्यात टाकणं वेगळं. पण सरकारने चूक केली म्हणून तुझी बादली स्वच्छ होत नाही.

आणखी एक खटकतं. तुला मरळीची पिल्लं कुठून मिळणार? पावसाळ्यात तळ्याच्या कडेला गवतात लालसर पिल्लांचा गोळा फिरतो, त्याखाली नर राखण करत असतो. बेडूक जवळ आला तर धावून जातो. पोरं काय करतात? त्या गोळ्यावर गळ नाचवतात, राखणदार चिडून गळ पकडतो, आणि मागे उरलेल्या पिल्लांना शिंगटी-शिवडा दोन दिवसांत साफ करतात. तू पिल्लं मागितलीस तर कुणीतरी तुझ्यासाठी हेच करेल.

हौशी : तशी पिल्लं मी घेणार नाही. आंध्र-तेलंगणात मरळीची पैदास करणारी केंद्रं आहेत, तेलंगणाने तर तिला राज्य मासा केलं आहे. तिथून बोटुकली मागवता येते. माझं म्हणणं थोडक्यात असं झालं, काका. पैदास केलेलं पिल्लू, देशी, एकटं, दाण्यावर वाढवलेलं, चार फुटी टाकीत, जाळी लावून. तुमच्या हरकतींनी माझी यादी लहान होत होत इथे आली. यात अजून काय चूक आहे?

शंकेखोर : चूक अशी नाही. एक प्रश्न उरतो आणि तो तुझ्या प्रत्येक अटीच्या पलीकडे आहे. मरळ मोठी झाल्यावर तिचं काय? ऑस्करच्या बाबतीत हा प्रश्न अवघड, कारण तो आपल्याकडे कुणी खात नाही. मरळीच्या बाबतीत सोपा असायला हवा. गोड्या पाण्यातली महागडी मासळी, काटे कमी, बाळंतिणीलाही देतात. टाकीला लहान पडली की कालवण. हा तिचा शेवट नदीला निरुपद्रवी, पाण्याला परवडणारा आणि आपल्या भागाच्या चालीला धरून. बोल, करशील?

हौशी : नाही.

शंकेखोर : मला वाटलंच.

हौशी : तुम्हाला ते हास्यास्पद वाटत असेल. मी बाजारातली मरळ खातो, आणि खाईन. पण जिला हाताने दाणा दिला, जी काचेपाशी माझं बोट ओळखून येते, ती नाही कापवणार. आणि पोराला काय सांगू? तो विचारेल, बाबा, आपण हिला वाढवलं ते खायला? शेतकऱ्याच्या घरात बोकडाचा हा प्रश्न दरवर्षी येतो आणि घरं त्याला उत्तर देतात, हे मला ठाऊक आहे. पण बोकड पहिल्या दिवसापासून कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत असतं. मरळ टाकीत बघायला आणली. तिचा हेतू मधेच बदलायचा?

शंकेखोर : हेतू तू बदलत नाहीस, तिची वाढ बदलते. तू तिला बघायला आणलंस. ती टाकीत मावेनाशी होणार हे तिच्या जातीतच होतं. तुझी दया टाकीच्या मापाची आहे आणि मासा त्याहून मोठा.

हौशी : आणि तुमचं शहाणपण असं, की ज्याचा शेवट नीट करता येत नाही ते सुरूच करू नये. तसं धरलं तर माणसाने कुत्राही पाळू नये.

शंकेखोर : कुत्रा घराबाहेर काढला तर आपला आपण जगू शकतो, मासा टाकीबाहेर फक्त कालव्यातच जाऊ शकतो. पण मी तुला नको म्हणत नाही, हे ध्यानात घे. मी म्हणतो, पिल्लू घेण्याआधी मोठ्या माशाची सोय सांग.

हौशी : सोय आत्ता एकच सांगता येते. शेततळं. पण तिथे एका मरळीने बाकीचं बीज खाल्लं तर भाऊ मला घरात घेणार नाही.

शंकेखोर : म्हणजे पुन्हा शेजाऱ्यांचाच प्रश्न, फक्त मोठ्या टाकीत. आणि शेततळं पावसाळ्यात भरून वाहिलं तर ओढा जवळच आहे.

हौशी : सहा-आठ फुटी टाकी बांधणं परवडत नाही. तिच्यासाठी खोली लागेल.

शंकेखोर : मग चार फुटी टाकीत बसणारा मासा बघ. पुंटियससारखे आपले छोटे देशी मासे आहेत, ओढ्यात सापडतात, दोन-चार इंचांच्या पुढे जात नाहीत.

हौशी : ते मला नको आहेत, काका. खरं सांगायचं तर मला शिकारी मासाच हवा आहे. तो दबा धरतो, वाट बघतो, हिशेब करून झडप घालतो. ते बघायला मिळावं असं मला वाटतं, आणि पोरालाही वाटतं. छोट्या माशांनी ती हौस भागत नाही. मी खोटं बोलून लहान मासा घेतला तर सहा महिन्यांनी चोरून ऑस्कर आणीन.

शंकेखोर : हे प्रामाणिक आहे. मग त्याचं मोल मोज. तुझा पोरगा आता पाचवीत. ऑस्कर नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. मरळही काही वर्षांची पाहुणी आहे. तोवर पोरगं शिकायला संभाजीनगरला नाहीतर पुण्याला गेलेलं असेल. टाकी तुझी आहे, पोराची नाही, हे धरून घेऊन टाक. शेजारी आणायचा असेल तर प्रत्येक शेजाऱ्याची मुदत आज लिहून ठेव आणि दुसरी टाकी आधी आण, मासा मागून. आणि जिला कापवणार नाही तिला ठेवणार कुठे, याचं उत्तर मिळेपर्यंत बोटुकली मागवू नकोस.

हौशी : उत्तर मिळालं नाही तर?

शंकेखोर : तर मिळालं नाही. तूही मला पटवू शकला नाहीस आणि मीही तुला परावृत्त करू शकलो नाही. पण एवढं कर. कालव्याकडे बादली घेऊन निघालेलं कुणी दिसलं, मग तो तू असलास तरी, त्याला थांबव. मासा नकोसा झाला असेल तर ज्या दुकानातून आणला त्यालाच परत घेतोस का विचार म्हणावं, मोठ्या टाकीवाल्याला फुकट दे म्हणावं. पण डाव्या कालव्यात सोडू नको म्हणावं.